थिएटर गेलं, नाव राहिलं

धुंडिराज गोविंद फाळके यांचा थोरला मुलगा भालचंद्र १९११च्या सुमारास वडिलांबरोबर गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये गेला आणि पडद्यावर हलणारे प्राणी पाहून घरी आला. त्याने आईला जे सांगितलं, ते घरात कुणालाच खरं वाटेना. मग दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन पुन्हा तिथेच गेले. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी प्राण्यांऐवजी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो पाहता पाहता फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण पडद्यावर आणायचा विचार शिरला. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत एका मुलाने घरी येऊन सांगितलेली अशी हकिकत आहे, आणि ती गिरगावातली आहे.

त्यानंतर निदान तीन पिढ्यांतल्या गिरगावकर मुलांनी घरी येऊन अशाच हकिकती सांगितल्या. ठाकूरद्वार, मुगभाट, कांदेवाडी, झावबावाडी, फणसवाडी, खोताची वाडी या वस्तीतून कुठूनही निघालं, तरी पायी जाता येईल इतक्या अंतरात थिएटर होतंच. मॅजेस्टिक होतं, सेंट्रल होतं, रॉक्सी होतं, ऑपेरा हाऊस होतं. पुढे लॅमिंग्टन रोडला लागलं, की तिथे तर थिएटरांची रांगच होती. आज यातली बरीचशी नाहीत. ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांतल्या काहींत सिनेमा नाही. मुंबईच्या एवढ्याशा भागाने देशाच्या चित्रपटाला जितकं दिलं, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या वस्तीने दिलं असेल. तरी त्याची नोंद आज बहुतांशी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच उरली आहे.

मुंबईत हलती चित्रं पहिल्यांदा दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी दाखवलेल्या त्या खेळाचं तिकीट एक रुपया होतं, म्हणजे तो साहेबांचा आणि श्रीमंतांचा कार्यक्रम होता. सिनेमा चाळीतल्या माणसाचा झाला तो पुढे, सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर. तिथल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या काळी नुसता सिनेमा हा पूर्ण कार्यक्रम मानला जात नसे. म्हणून जोडीला इंग्रजी नृत्य होतं, विनोदी नकला होत्या आणि पायांवर वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. तिकिटाचे दर नेहमीच्या दुप्पट ठेवले होते, तरी लोक आले. पुढे गावोगाव जाहिरात करताना फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत, असा हिशेब मांडला. एका खेळाला आण्याआण्याचा विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाची नाडी त्यांना अचूक सापडली होती.

मूकपटांचं थिएटर खरं तर मुकं नसायचं. पडद्याजवळ पेटी आणि तबला घेऊन वाजवणारे बसत. संवादांच्या पाट्या इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी अशा तीन-चार भाषांत येत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी शेजारचं कुणीतरी त्या मोठ्याने वाचत असे. हे काम पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलाकडे यायचं. आजीला, आईला, गावाहून आलेल्या काकाला पाटी वाचून दाखवणारा दहा वर्षांचा पोरगा त्या अंधारात घरातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस होई.

गिरगाव रस्त्यावरच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ही पाट्यांची वाचनं संपायला सुरुवात झाली. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ तिथे लागला आणि भारतीय पडदा पहिल्यांदा बोलला. नायिका झुबेदा, नायक मास्टर विठ्ठल. हा मराठी नट आधी दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. तो इंपीरियलकडे आला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर महमद अली जिना उभे राहिले. चित्रपटात सात गाणी होती. चित्रीकरण जवळच, ग्रँट रोड भागातल्या स्टुडिओत झालं. शेजारून रेल्वे धडधडत जायची आणि ध्वनी तर चित्राबरोबरच नोंदवायचा होता. त्यामुळे बरंचसं काम लोकल बंद झाल्यावर, रात्री एक ते पहाटे चार या वेळात उरकलं. नट दिवसा झोपत, रात्री रंग लावत. माइक सेटवर कुठेतरी दडवून ठेवलेले असत.

मॅजेस्टिकसमोर त्या दिवशी इतकी गर्दी लोटली, की आवरायला पोलीस आणावे लागले. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना विकलं गेल्याची आठवण इराणी पुढे सांगत. मुंबईत तिकिटाचा काळाबाजार अशा रीतीने पहिल्या बोलपटाइतकाच जुना ठरतो.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ याच मॅजेस्टिकमध्ये आला. पहिला मराठी बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. दुर्गाबाई मूळच्या लाड घराण्यातल्या आणि त्यांचं बालपण कांदेवाडीतल्या एकत्र कुटुंबात गेलं होतं. त्या काळी घरंदाज बायकांनी सिनेमात जाणं समाजाला रुचत नसे. अशा वेळी ज्या वस्तीत ही मुलगी वाढली, त्याच वस्तीतल्या थिएटरात ती राणी होऊन मराठी बोलत होती. गिरगावकरांना याचं काय वाटलं असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

मॅजेस्टिकने मराठी माणसाला आणखी एक गोष्ट दिली. थिएटरच्या सान्निध्यात केशवराव कोठावळे यांनी पुस्तकविक्री सुरू केली आणि दुकानाचं नाव मॅजेस्टिकच ठेवलं. त्यातून मॅजेस्टिक प्रकाशन उभं राहिलं आणि १९६४ साली ‘ललित’ मासिक निघालं. थिएटर पडलं, त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आलं. आज मराठी वाचक मॅजेस्टिक म्हणतो ते पुस्तकांसंदर्भात, आणि गिरगावातला दुकानदार म्हणतो ते बाजाराच्या इमारतीसंदर्भात. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे चित्रपटही गेला आणि तो जिथे लागला ते थिएटरही गेलं. शिल्लक आहेत ती काही छायाचित्रं, जाहिराती आणि नाव.

सेंट्रलची गोष्ट निराळी. १२ डिसेंबर १९३६ला तिथे प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला आणि सत्तावन्न आठवडे उतरला नाही. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस, जे एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. जिजाई झालेल्या गौरी प्रभातच्याच कंपनीत साधी कामं करणाऱ्या बाई होत्या. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. गिरगावात मात्र त्याची थोरवी दुसऱ्याच मापाने मोजली गेली. जिने जन्मात थिएटरात पाऊल ठेवलं नव्हतं, ती घरातली आजी सुनेचा हात धरून सेंट्रलला गेली. वर्षभर एकाच थिएटरला एकच चित्रपट, याचा अर्थ आसपासच्या वाड्यांत शाळेत जाण्याच्या वयाचं असं मूल क्वचितच उरलं असेल, ज्याने तो निदान एकदा पाहिला नाही. ज्यांनी पुढे तुकारामांची गाथा उघडली, त्यांच्यातल्या कितीजणांच्या डोळ्यांपुढे पागनीसांचा चेहरा येत असेल!

मुलांच्या दृष्टीने सिनेमा तिकिटाच्या खिडकीपासून नव्हे, त्याच्या आठवडाभर आधी सुरू व्हायचा. शुक्रवारी नवा खेळ लागण्याआधी रस्त्यावरून हातगाडी निघे, तिच्या दोन बाजूंना पोस्टरं टेकवलेली आणि पुढे ताशा-ढोल. थिएटरच्या दर्शनी भागावर रंगवलेलं भलंमोठं बॅनर चढवताना पाहायला पोरं शाळेचा रस्ता बदलून जात. आत, काचेच्या कपाटात, चित्रपटातल्या प्रसंगांचे फोटो लावलेले असत. तिकिटाला पैसे नसले तरी त्या कपाटासमोर उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. आठ-दहा फोटो पाहून संपूर्ण कथानक रचणारी आणि ते चाळीच्या गॅलरीत छातीठोकपणे सांगणारी मुलं प्रत्येक वाडीत होती.

तिकिटांची रांग हे दुसरं शिक्षण. भिंत आणि लोखंडी जाळी यांच्यामधून जेमतेम एक माणूस सरकेल एवढी ती वाट. खिडकी उघडली की मागून रेटा यायचा. खिडकीचं भोक इतकं लहान, की त्यातून पैसे धरलेली मूठ जायची आणि तिकिटं धरलेली मूठ बाहेर यायची. कुणाच्या मनगटाला खरचटलेलं असे, कुणाची बटणं तुटलेली. हाऊसफुल्लची पाटी लागली, की आजूबाजूला हळू आवाजात दर पुकारणारे ब्लॅकवाले फिरू लागत. आत लोअर स्टॉल, अप्पर स्टॉल आणि बाल्कनी अशी उतरंड. पडद्याजवळच्या स्वस्त रांगांत बसणाऱ्याची मान तीन तास वर, पण शिट्टी वाजवायची आणि आवडत्या गाण्याला पैसे उधळायची मुभा तिथेच. बाल्कनीत घरचे वडीलधारे असले, तर मुलाने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हा अलिखित नियम होता.

दिवे मंदावले, की आधी काचेच्या स्लाइड्स येत. गल्लीतल्या शिंप्याच्या, सोनाराच्या, दंतवैद्याच्या जाहिराती. मग फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र किंवा माहितीपट. १९४८ साली ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. टीव्ही घरात येण्याआधीच्या मुलांनी धरणांची बांधकामं, पूर, दुष्काळ, परदेशी पाहुण्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने हलताना पाहिले ते इथेच. नेहरू कसे चालतात हे चाळीतल्या मुलाला ठाऊक होतं, कारण वस्तीतल्या पडद्यावर ते त्याच्यासमोर चालून गेले होते. त्यानंतर सेन्सॉरचं प्रमाणपत्र. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असे. ‘सोळा रिळं’ असं पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं आणि पैसे वसूल होणार या समाधानाने थिएटरभर हुंकार उठायचा.

इंटरव्हलला वडा किंवा सामोसा, सोडावॉटर आणि गाण्यांची पुस्तकं. हे शेवटचं खास नमूद करायला हवं. आण्या-दोन आण्यांना मिळणारी ती चार-आठ पानी पुस्तिका पातळ कागदावर छापलेली असे. मुखपृष्ठावर नायक-नायिका, आत श्रेयनामावली, गाणी आणि अर्धवट सोडलेलं कथानक. पुढचं काय झालं ते पडद्यावरच पाहा, असं तिच्यात शेवटी बजावलेलं असे. रेडिओवर गाणं लागलं की मुली हे पुस्तक उघडून शब्द ताडून बघत. वर्षानुवर्षांची अशी पुस्तकं दोऱ्याने शिवून घरोघरी जाडजूड बाडं तयार झाली. आज चित्रपटाचे अभ्यासक जुन्या, हरवलेल्या चित्रपटांची गाणी आणि कथा शोधताना याच पुस्तिकांकडे वळतात, कारण कित्येकदा दुसरं काही हाती लागत नाही.

या सगळ्या जगाचा प्राण मात्र प्रेक्षकांच्या पाठीमागे, उंचावर, दोन लहान चौकोनी खिडक्यांच्या आत असायचा. मशीन रूम. मुलांना तिथे प्रवेश नसे आणि म्हणूनच तिचं आकर्षण विलक्षण होतं. आत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात आणि सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. म्हणजे हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं. सोळा रिळांचा हिंदी चित्रपट म्हणजे सोळा हजार फूट, जवळजवळ पाच किलोमीटर फिल्म आणि अडीच लाखांवर चित्रं. ती एकेक करून खिडकीसमोर क्षणभर थांबायची, उजळायची आणि पुढे सरकायची. दोन चित्रांच्या मधे झडप प्रकाश अडवायची, त्यामुळे सरकण्याची क्रिया डोळ्यांना दिसत नसे.

प्रकाश यायचा कार्बनच्या दोन कांड्यांतून. तांब्याचा मुलामा दिलेल्या या कांड्या समोरासमोर आणून त्यांतून वीजप्रवाह सोडला, की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटे. मागचा आरसा तो प्रकाश फिल्मवर एकवटायचा. कांड्या जळून आखूड होत, तशी फट रुंदावे आणि पडदा पिवळट पडू लागे. म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून ज्योतीकडे पाहत त्या पुढे सरकवत राहावं लागे. त्यातच रीळ बदलायची घटका जवळ यायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकला, की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सहा-सात सेकंदांनी पुन्हा ठिपका दिसला, की या मशीनची झडप बंद आणि त्या मशीनची उघडी. जमलं तर प्रेक्षकाला कळतसुद्धा नसे. चुकलं तर पांढरा पडदा, आणि खालून शिट्ट्यांबरोबर ऑपरेटरच्या नावाने आरडाओरडा. एका खेळात हे डझनभर वेळा, दिवसाला चार खेळ, आठवड्याचे सातही दिवस. कडेला हाताने उलटी गुंडाळली जाणारी रिळं, तुटलेली फिल्म चिकटवण्याच्या द्रावणाचा उग्र वास आणि मशीनचा उकाडा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असे, जी पेटली तर पाण्यानेही विझत नसे. म्हणून त्या लहान खिडक्यांवर आगीच्या वेळी खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा बसवलेल्या असत. पडद्यावर नायकाने उडी घेतली की लोक टाळ्या वाजवत. मागे दोन माणसं घामाघूम होऊन जो प्रकाश जिवंत ठेवत होती, त्यांची नावं कुठल्याच श्रेयनामावलीत आली नाहीत.

मशीन रूममधून मुलांपर्यंत एक गोष्ट मात्र पोचायची. फिल्म तुटली की जोडताना दोन-चार चित्रं कापावी लागत. हे तुकडे कचऱ्यातून किंवा ओळखीच्या डोअरकीपरकडून पोरांच्या हाती येत आणि गोट्या, भोवऱ्यांच्या बदल्यात हिंडत. मग दुपारी चाळीच्या खोलीत सिनेमा लागायचा. गेलेल्या बल्बची मागची टोपी काढून आतली तार फोडायची, काचेचा फुगा पाण्याने भरायचा, की भिंग तयार. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यासमोर फिल्मचा तुकडा धरायचा. एक मुलगा बाहेर गॅलरीत आरसा घेऊन उभा राहून उन्हाची तिरीप बरोबर त्या भोकात पाडायचा. खोलीची दारं-खिडक्या गोधड्यांनी झाकलेल्या. समोर बाबांचं धोतर ताणलेलं. फिल्म उलटी धरली, तरच धोतरावर नायिका सुलटी दिसते, हा प्रकाशशास्त्राचा धडा शाळेत शिकवण्याआधीच या मुलांना तोंडपाठ होता. चित्र हलत नसे, पण संवाद म्हणायला खोलीत दहा तोंडं हजर असत. सूर्य ढगाआड गेला की खेळ बंद आणि तिकिटाचे दोन पैसे परत मागणारे प्रेक्षक आक्रमक.

रात्री उशिराचा खेळ सुटला, की गिरगाव रस्ता पुन्हा भरून जायचा. कुणी पणशीकरांच्या दुकानात पियुष प्यायला थांबे, कुणी घरी जाईपर्यंत शेवटच्या प्रसंगावर वाद घालत राही. गणपतीत तर थिएटरच वाडीत येई. दोन इमारतींच्या मधे पांढरं कापड बांधायचं, सोळा मिलिमीटरचं मशीन भाड्याने आणायचं आणि सगळ्यांनी रस्त्यावर चटया टाकायच्या. कापडाच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना डावखुरे नायक दिसत. तरीही ते उठत नसत.

लॅमिंग्टन रोड, आजचा डॉ. भडकमकर मार्ग, हा या सगळ्या व्यवसायाचा कणा. नाझ थिएटरच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. शुक्रवारी पहिल्या खेळानंतर देशभरातले आकडे तिथे येत आणि चित्रपट चालणार की पडणार हे संध्याकाळच्या आत ठरे. त्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ लागला. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि सहा ट्रॅकचा स्टिरिओ आवाज. पडद्यावर नाणं फेकल्यावर ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून खाली वाकून पाहणारी मुलं या थिएटराने पाहिली. पाच वर्षांहून अधिक काळ ‘शोले’ तिथे ठाण मांडून होता. त्याच १९७५ साली काळबादेवीच्या एडवर्डमध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला होता आणि बायका चपला काढून आत जात, पडद्याकडे फुलं आणि नाणी टाकत. दोन थिएटरांमधलं अंतर फार नव्हतं. एकाच घरातला मुलगा मिनर्व्हाच्या रांगेत आणि आजी एडवर्डच्या रांगेत, असं दृश्य त्या वर्षी या भागात सहज दिसलं असेल.

महाराष्ट्रात प्रत्येक शहराला असं गिरगाव होतं. पुण्यात मंडईजवळ गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली आर्यन सिनेमा उभारला. तिथेच १९२० साली बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९८३ साली आर्यन गेलं. मंडईत आज वाहनतळ आहेत आणि पुणेकर अजूनही ‘आर्यनला’ किंवा पुण्यातल्याच जुन्या ‘मिनर्व्हाला’ गाडी लावतात. मुंबईतच, लालबागच्या भारतमातामध्ये गिरणीची पाळी सुटल्यावर कामगार मराठी चित्रपटाला जात. ते थिएटर वाचावं म्हणून मराठी कलावंतांनी आवाज उठवला. दादरच्या कोहिनूरमध्ये १९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ लागावा म्हणून शिवसेनेला मधे पडावं लागलं. आपल्या वस्तीतल्या पडद्यावर आपला चित्रपट लागावा, हा मुद्दा लोकांना रस्त्यावर उतरण्याइतका मोलाचा वाटत होता. तरी दादरचंच चित्रा थिएटर २०१९च्या मे महिन्यात बंद झालं.

ही थिएटरं का गेली, याचं उत्तर एका कारणात मावत नाही. १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं. पाठोपाठ व्हिडिओ आला आणि भाड्याच्या कॅसेटवर एका रात्रीत तीन चित्रपट अख्खी चाळ पाहू लागली. नव्वदच्या दशकात केबलने उरलेला प्रेक्षक घरी बसवला. तिकिटावरचा करमणूक कर जबर होता आणि त्यातून हाती राहणाऱ्या पैशात वातानुकूलन, नवी आसनं, नवा आवाज बसवणं जुन्या मालकाला झेपत नव्हतं. पुढे राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना काही वर्षांची करसवलत दिली. जुन्या एकपडदा थिएटरांच्या वाट्याला तसा हात आला नाही. शेवटी डिजिटल प्रक्षेपण आलं आणि २०१४च्या आसपास फिल्मची रिळं जवळजवळ बंदच झाली. दोन मशीन, कार्बनच्या कांड्या, ठिपक्यावर नजर ठेवणारा ऑपरेटर, सगळं एका झटक्यात कालबाह्य झालं.

पण सगळ्यात मोठं कारण जमीन हेच. गिरगाव, लॅमिंग्टन रोड, दादर या ठिकाणी हजार-दीड हजार खुर्च्यांची एकमजली जागा म्हणजे सोन्याचा तुकडा. तिच्यावर दिवसाला चार खेळ लावण्यापेक्षा टॉवर उभा करणं कैक पटींनी फायद्याचं. थिएटर पाडलं तर नव्या इमारतीत आधीच्या एक तृतीयांश आसनांचं थिएटर असावं, अशी अट मुंबईच्या नियमांत ठेवली गेली. तीही रद्द करावी अशी मागणी मालकांकडून होत राहिली. व्यवसाय म्हणून त्यांची अडचण खरी आहे. ज्या खुर्च्या भरत नाहीत त्यांचा खर्च एकट्या मालकाने सोसावा, असं कुणी म्हणू शकत नाही. चूक आहे ती दुसरीकडे. नाटकगृह ही सांस्कृतिक गरज आहे, हे महाराष्ट्राने मान्य केलं आणि नगरपालिकांनी गावोगाव नाट्यगृहं बांधली. ज्या थिएटराने तुकारामांना घराघरांत नेलं आणि अक्षर न येणाऱ्या माणसाला देश दाखवला, ते मात्र आपण शेवटपर्यंत खाजगी धंद्याची इमारत समजत राहिलो.

असं व्हायलाच हवं होतं असंही नाही. रॉयल ऑपेरा हाऊस गिरगावच्याच टोकाला आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, पुढे ते सिनेमागृह झालं आणि १९९३ साली बंद पडलं. धूळ खात पडलेली ती वास्तू तिच्या मालक संस्थानिक घराण्याने वारसा-तज्ज्ञांच्या मदतीने पूर्ववत केली आणि २०१६ साली तिचे दरवाजे पुन्हा उघडले. सगळी थिएटरं अशी वाचणार नाहीत. प्रत्येकाच्या छतावर सोनेरी नक्षी नव्हती आणि प्रत्येकाच्या मागे संस्थानिक नव्हता. मॅजेस्टिक आणि कॉरोनेशन तर कधीच गेली. पण इमारत गेली तरी तिची नोंद राहू शकते. त्याला फार पैसा लागत नाही.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून उभं केलेल्या या संस्थेत फिल्मबरोबरच पोस्टरं, छायाचित्रं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केल्या जातात. फाळक्यांच्या चित्रपटांची जी काही रिळं आज पाहायला मिळतात, त्यांतली काही नायर यांनी फाळके कुटुंबीयांच्या घरातून मिळवली होती. म्हणजे ती कुणीतरी घरात सांभाळली म्हणून राहिली. गिरगावातून बोरिवली-डोंबिवलीला, तिथून पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या शाळेच्या वह्यांत आजही गाण्यांची पुस्तकं, तिकिटांचे तुकडे, थिएटरसमोर काढलेले फोटो, एखाद्या ऑपरेटरच्या घरी परवान्याचा कागद असण्याची दाट शक्यता आहे. आवराआवरी करताना हे रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलने थिएटरचं नाव, साल आणि त्यात कोण कोण आहे ते लिहा. घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर त्यांना समोर बसवून त्यांच्या वस्तीतल्या थिएटराची हकिकत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा: दर काय होते, डोअरकीपर कोण होता, पहिला सिनेमा कुठला पाहिला. आणि मूळ वस्तू स्वतःकडे ठेवायची नसेल, तर संग्रहालयाशी संपर्क साधून ती त्यांच्या स्वाधीन करा.